नाट्यगृहातल्या कार्यक्रमासाठी हँडीकॅम: कोणता घ्यावा, कोणता टाळावा

नाट्यगृहाच्या मागच्या रांगेतून दोन-अडीच तासांचा कार्यक्रम सलग टिपायचा असेल, तर आजही हँडीकॅमला तोड नाही. शाळेचं गॅदरिंग असो, अरंगेत्रम असो, गाण्याची मैफल असो की मंडळाची एकांकिका, अडचणी त्याच असतात. माणूस लांब असतो, प्रकाश कमी आणि सारखा बदलणारा असतो, मध्ये थांबता येत नाही, आणि आवाज बिघडला तर चित्र कितीही छान असून उपयोग नसतो.

फोन जवळच्या शूटिंगला उत्तम. पण तासाभराच्या फोर-के रेकॉर्डिंगमध्ये तो तापतो, जागा संपते आणि मध्येच कुणाचा तरी फोन येतो. मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याचं चित्र निःसंशय सरस, पण लांबचं जवळ आणणारी, ५०० मिमीपर्यंत पोहोचणारी लेन्स वेगळी घ्यावी लागते, ती जड असते आणि तिला बोटाने हळूहळू पुढे नेता येईल असा मोटरचा झूम बहुधा नसतो. जुन्या मिररलेस कॅमेऱ्यांत तर २९ मिनिटं ५९ सेकंदांना रेकॉर्डिंग आपोआप बंद पडतं. युरोपात अर्ध्या तासाहून जास्त रेकॉर्ड करणारं यंत्र व्हिडिओ कॅमेरा धरलं जाई आणि त्यावर जास्त आयातकर लागे, त्यातून ती मर्यादा आली. हँडीकॅम कार्ड भरेपर्यंत किंवा बॅटरी संपेपर्यंत चालतो.

निवड मात्र आता फार उरलेली नाही. जेव्हीसीने २०२१ मध्ये घरगुती हँडीकॅम थांबवले. सोनी, पॅनासॉनिक आणि कॅननची मोजकी मॉडेलं दुकानात मिळतात, काही फक्त ऑर्डर देऊन. त्यामुळे आधी गरज ठरवायची आणि मग त्या चार-पाच मॉडेलांकडे बघायचं.

पहिला प्रश्न: कॅमेरा किती अंतरावर असणार?

खोक्यावर '२० पट', '३० पट' असं ठळक लिहिलेलं असतं. पट म्हणजे फक्त सुरुवातीच्या तुलनेत शेवट किती लांबचा, एवढंच. कामाचा आकडा असतो तो '३५ मिमीच्या तुलनेतली' फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्स किती लांबचं जवळ आणते ते जुन्या ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्याच्या मापात. हिशेब सोपा आहे. अंतर मीटरमध्ये घ्या, त्याला ३६ ने गुणा आणि चौकटीत जेवढी रुंदी हवी आहे तेवढ्या मीटरने भागा. उत्तर येतं ते लागणारे मिलिमीटर.

उदाहरणार्थ, कॅमेरा रंगमंचापासून २५ मीटरवर आहे. दहा मीटर रुंदीचा अख्खा रंगमंच हवा असेल तर ९० मिमी पुरतात. एकटी नर्तिका डोक्यापासून पावलापर्यंत, हातांच्या हालचालींना जागा ठेवून घ्यायची तर साधारण चार मीटर रुंद चौकट लागते, म्हणजे २२५ मिमी. बसलेल्या गायिकेचा कमरेवरचा भाग नीट हवा तर दोन मीटर, म्हणजे ४५० मिमी. आता पाच पट टेलिफोटो असलेल्या फोनची लेन्स असते सुमारे १२० मिमीची. २५ मीटरवरून ती साडेसात मीटर रुंदी दाखवते. त्यापुढे फोन जे काही करतो ते चित्र कापून मोठं करणं.

हाच हिशेब हँडीकॅमना लावला की चित्र स्पष्ट होतं. सोनी एफडीआर-एएक्स४३ ची लेन्स २६.८ मिमीपासून २० पट, म्हणजे ५३६ मिमीपर्यंत जाते. २५ मीटरवरून १.७ मीटरची चौकट मिळते. पॅनासॉनिक एचसी-एक्स१५०० ची २५ मिमीपासून २४ पट, म्हणजे ६०० मिमी आणि दीड मीटर. कॅनन एचएफ जी७० सुद्धा ६०० मिमीच्या आसपासच. सोनीचाच महाग एफडीआर-एएक्स७०० मात्र २९ मिमीपासून फक्त १२ पट, म्हणजे ३४८ मिमी. त्याच जागेवरून २.६ मीटरच्या खाली तो येत नाही. दुप्पट पैसे मोजून घरी आणलेला कॅमेरा गायिकेचा चेहरा स्वस्त कॅमेऱ्यापेक्षा लहान दाखवतो, हे अनेकांना घेतल्यानंतर कळतं.

मॉडेलं, एकेक

सोनी एचडीआर-सीएक्स४०५ हा सगळ्यात स्वस्त, खिशात मावणारा. ३० पट झूम, म्हणजे ८०४ मिमी. त्यामुळे कागदावर सगळ्यांना मागे टाकतो. पण सेन्सर, म्हणजे आतली प्रकाश टिपणारी चकती, १/५.८ इंची, अगदी नखाएवढाही नाही. दिवसा मैदानावरच्या खेळांना, अंगणातल्या मुंजीला तो चांगला आहे. नाट्यगृहात प्रकाश उतरला की सावल्यांत दाणे उठतात आणि चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात, कारण कॅमेरा ते दाणे पुसायच्या नादात तपशीलही पुसतो. माइक लावायला जागा नाही, शटर (प्रत्येक चित्राला प्रकाश किती वेळ मिळतो ते) हाताने ठेवता येत नाही, कार्ड मायक्रो. कार्यक्रमासाठी हा घेऊ नये.

पॅनासॉनिक एचसी-व्ही७८५ फुल एचडीच आहे, फोर-के नाही, आणि तरीही अनेक घरांना तो पुरेल. सेन्सर १/२.३ इंची, लेन्स २० पट, एफ १.८ पासून सुरू होणारी (एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त), ५०पी म्हणजे सेकंदाला ५० चित्रांचं रेकॉर्डिंग, ३.५ मिमीचा माइक जॅक. कार्यक्रम यूट्यूबवर टाकायचा आणि घरच्या टीव्हीवर बघायचा एवढंच काम असेल, तर उगाच फोर-केसाठी थांबू नये.

एएक्स४३ हा आमच्या मते बहुतेक कुटुंबांसाठी आणि लहान संस्थांसाठी योग्य. सेन्सर १/२.५ इंची, लेन्स एफ २.० ते ३.८, फोर-के २५पी १०० एमबीपीएसपर्यंत (सेकंदाला इतके मेगाबिट कार्डावर लिहिले जातात), फुल एचडी ५०पी ५० एमबीपीएसला. माइक जॅक आहे, हेडफोन जॅकही आहे, आणि तो फार महत्त्वाचा. यातली स्थिरीकरणाची यंत्रणा वेगळी आहे. एखादी काच न हलवता लेन्स आणि सेन्सरचा अख्खा ठोकळाच आत तरंगत ठेवलेला असतो. हातात धरून चालताना याचा फरक लगेच दिसतो. कॅमेरा बंद असताना हलवला तर आत काहीतरी सैल असल्याचा आवाज येतो. तो या रचनेचाच भाग, बिघाड नव्हे.

त्याच्या उणिवाही सांगायला हव्यात. कार्डाचा खण एकच, म्हणजे कार्ड बिघडलं तर सगळं गेलं. व्ह्यूफाइंडर नाही. नाट्यगृहात त्याने अडत नाही, पण वारीत, मैदानात, दुपारच्या उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही. बाहेरचं काम जास्त असेल तर त्याचा थोरला भाऊ एएक्स५३ शोधावा. त्याला व्ह्यूफाइंडर आणि लेन्सवर फिरवायची रिंग आहे, बाकी मुख्य गोष्टी जवळपास तशाच. एचडीएमआयचं तोंड मायक्रो आहे. ते नाजूक असतं, केबलला हिसका बसला की आतला टाका सुटतो. लाइव्ह करायचं असेल तर केबल ट्रायपॉडच्या दांड्याला बांधून घ्या.

कॅनन एचएफ जी७० २०२२ च्या शेवटी आला. १/२.३ इंची सेन्सर, फोर-के २५पी १५० एमबीपीएसपर्यंत. दोन गोष्टींसाठी तो एएक्स४३ पेक्षा उजवा: कार्डाचे दोन खण, ज्यांत एकाच वेळी दोन्हींवर रेकॉर्ड करता येतं, आणि यूएसबी-सी केबल थेट लॅपटॉपला जोडून वेबकॅमसारखा वापरता येणं. दर महिन्याला कीर्तनं किंवा व्याख्यानं लाइव्ह दाखवणाऱ्या मंडळाचा कॅप्चर कार्डचा (एचडीएमआयचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणाऱ्या यंत्राचा) खर्च आणि डोकेदुखी दोन्ही वाचतात.

पॅनासॉनिक एचसी-एक्स१५०० २०२० पासूनचा आहे, पण या यादीत फोर-के ५०पी देणारा हाच. १०-बिट रेकॉर्डिंग (रंगांच्या जास्त बारीक छटा) आहे, दोन खण आहेत, आतच एनडी फिल्टर (जास्तीचा प्रकाश कमी करणाऱ्या गडद काचा) आहेत, एचडीएमआयचं तोंड पूर्ण आकाराचं आहे. वरचं हँडल वेगळं विकत घेतलं की दोन एक्सएलआर (तीन पिनांच्या व्यावसायिक माइक केबलच्या) जागा मिळतात. संस्थेच्या पैशातून पाच वर्षांसाठी एकच कॅमेरा घ्यायचा असेल तर आमचं मत याच्या बाजूने. घरासाठी तो जड आणि मेनूंनी गच्च भरलेला आहे. दहा-बिटच्या फाइली एडिट करायला संगणकही चांगला लागतो.

एएक्स७०० एक इंची सेन्सरचा. क्षेत्रफळाने तो सेन्सर १/२.३ इंचीच्या चौपट भरतो, म्हणून लोकांना वाटतं अंधारात चौपट फायदा. तसं होत नाही. त्याची लेन्स एफ २.८ पासून सुरू होते, एएक्स४३ ची एफ २.० पासून. म्हणजे रुंद टोकाला लेन्समधून निम्माच प्रकाश येतो आणि चौपट फायद्याचा दुप्पट उरतो. झूम ताणल्यावर तो थोडा वाढतो. फरक दिसतो, पण आकड्यावरून अपेक्षा करावी तेवढा नाही. त्याचं खरं बलस्थान आहे फोकस. २७३ बिंदूंचा फेज डिटेक्शन (अंतराचा अंदाज थेट घेऊन झटकन बसणारा) फोकस चेहरा सोडत नाही. रंगमंचाजवळ, पहिल्या पाच-सहा रांगांत उभं राहून शूट करणाऱ्याने हा घ्यावा. मागच्या रांगेतल्या माणसाने नाही.

ऑनलाइन दिसणारे 'फोर-के ४८ मेगापिक्सेल'

शोधताना पहिल्या पानावर अनोळखी नावांचे हँडीकॅम दिसतात: फोर-के किंवा चक्क आठ-के, ४८ मेगापिक्सेल, १८ पट झूम, सोबत माइक, रिमोट, हूड, सगळं एका खोक्यात आणि किंमत नामवंत कॅमेऱ्याच्या अंशाने. यांतल्या बहुतेकांत ऑप्टिकल झूम नसतोच. १८ पट डिजिटल असतो. ३८४० पिक्सेल रुंदीच्या चित्राला १८ ने भागा: २१३ पिक्सेल उरतात. तेवढ्यात चेहरा ओळखूही येत नाही. फोकस अनेकदा एकाच जागी बसवलेला असतो, म्हणून समोरची वस्तू जवळ नेली की धूसर होते. फोर-केही लहान चित्र फुगवून केलेलं असतं.

ओळखायचं कसं? वर्णनात 'ऑप्टिकल' शब्द आणि फोकल लेंग्थचे मिलिमीटर शोधा. दोन्ही नसतील तर सोडून द्या. दुकानात असाल तर झूम दाबून लेन्सला कान लावा. खऱ्या झूममध्ये मोटरचा बारीक आवाज येतो आणि आतल्या काचा सरकताना दिसतात. मुलाला खेळायला द्यायला हा कॅमेरा ठीक. पुन्हा न होणाऱ्या कार्यक्रमासाठी त्यावर विसंबू नये.

फोर-के की ५०पी?

भाषण, गायन, नाटक असेल तर फोर-के २५पी घ्या. एडिट करताना फुल एचडीत आणलं की चित्र निम्म्यापर्यंत कापता येतं, म्हणजे एकाच कॅमेऱ्यातून रुंद आणि जवळचा असे दोन शॉट निघतात. नाचाला मात्र २५पी जमत नाही. कथकच्या चक्रांत किंवा लावणीतल्या गिरकीत सेकंदाला २५ चित्रं कमी पडतात, हात-पाय पुसट होतात आणि हालचाल अडखळते. तिथे एएक्स४३ वर फुल एचडी ५०पी ठेवा. धारदारपणा थोडा जातो, पण नाच नाचासारखा दिसतो. दोन्ही एकदम हवं असेल तर एक्स१५०० शिवाय इथे उत्तर नाही.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ट्यूब आणि साध्या एलईडी दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की चित्र स्थिर राहतं. अमेरिकेतून नातेवाइकांकरवी मागवलेल्या कॅमेऱ्याची अडचण इथेच येते. तिकडे विकली जाणारी अनेक हँडीकॅम मॉडेलं फक्त ३० आणि ६० चित्रांवर चालतात, मेनूत ५० चा पर्यायच नसतो. शटर आपोआप १/६० वर गेलं की आपल्या ट्यूबलाइटखाली चित्र धडधडतं. शटर हाताने ठेवता येत असेल तर १/१०० करून निभावतं, साधारण चाळीस टक्के प्रकाश कमी होतो एवढंच. शटर हाती नसलेल्या स्वस्त मॉडेलमध्ये इलाज नाही. एएक्स७०० मध्ये मेनूतून ६० चं ५० करता येतं, मग कार्ड पुन्हा फॉर्मॅट करावं लागतं. भारतातली वॉरंटी हवी असेल तर अर्थातच इथलं बिल लागतं. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेऱ्याची दुकानं ओळीने आहेत. तिथे भाव विचारताना 'कंपनीची वॉरंटी की दुकानाची' हा प्रश्न आधी विचारा.

रंगमंचावरचा प्रकाश

ऑटोवर टाकलेला कॅमेरा काळा पडदा बघतो, त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो चित्र उजळ करतो. परिणाम: स्पॉटमधल्या माणसाचा चेहरा पांढराफटक. एकदा पांढरा झालेला चेहरा एडिटिंगमध्ये परत येत नाही. मेनूतून झेब्रा (ठरावीक उजेडाच्या भागावर स्क्रीनवर दिसणाऱ्या तिरक्या रेघा) ७० वर चालू करा. स्पॉटमध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या गालावर रेघा जेमतेम दिसतील इथपर्यंत एक्स्पोजर खाली आणा आणि तिथेच लॉक करा. पडदा काळाच राहू द्या. व्हाइट बॅलन्सही लॉक करा, नाहीतर निळा दिवा आला की कॅमेरा तो 'सुधारायला' जातो आणि त्वचा नारिंगी होते. पिवळ्या दिव्यांना घरातल्या प्रकाशाची खूण किंवा ३२०० केल्विन चालतं.

फोकससाठी जुनीच रीत सगळ्यात भरवशाची: पूर्ण झूम करून चेहऱ्यावर फोकस बसू द्यायचा, मग तो मॅन्युअल करायचा आणि झूम मागे घ्यायचा. दोन प्रवेशांमध्ये दिवे जातात तेव्हा ऑटोफोकस अंधारात चाचपडत राहतो आणि दिवे आल्यावर पहिले दोन-तीन सेकंद धूसर जातात. लहान सेन्सरचा इथे फायदाच आहे, कारण रंगमंचाची बरीचशी खोली एकाच फोकसमध्ये मावते. मागे एलईडी वॉल असेल तर तालमीलाच शटर १/५० आणि १/१०० दोन्ही लावून बघा. आडवे पट्टे ज्यात कमी ते घ्या.

ट्रायपॉडवर अ‍ॅक्टिव्ह स्थिरीकरण बंद करा किंवा साध्यावर आणा. ते चालू राहिलं तर कॅमेरा सावकाश वळवायला लागलात की तो आधी वळण रोखतो आणि मग एकदम उडी मारतो. ट्रायपॉडचं डोकं फ्लुइड (हिसका न देता सावकाश वळणारं) असलंच पाहिजे. ५०० मिमीवर फोटोच्या ट्रायपॉडने एकही वळण सफाईदार येत नाही. झूमसाठी दांड्यावर बसणारा वायरचा रिमोट घ्या. कॅमेऱ्यावरच्या बटणाला हात लावला की चौकट थरथरते.

आवाज

सगळ्यात जास्त रेकॉर्डिंग इथे वाया जातात. कॅमेऱ्यावरचा माइक २५ मीटरवरून सभागृहाचा घुमारा, शेजारची कुजबुज आणि पंखा पकडतो. शॉटगन माइक कॅमेऱ्यावर चढवून यात फारसा फरक पडत नाही, कारण अंतर तेवढंच राहतं. माइक गायकाजवळ नेणं किंवा साउंडवाल्यांच्या मिक्सरमधून आवाज घेणं, हेच दोन मार्ग.

मिक्सरमधून घेताना तीन चुका ठरलेल्या आहेत. पहिली पातळीची. मिक्सरचा लाइन आउट साधारण सव्वा व्होल्टचा असतो, कॅमेऱ्याच्या माइक जॅकला अपेक्षा काही मिलिव्होल्टची. थेट जोडलं की आवाज फाटतो आणि कॅमेऱ्यातली पातळी शून्याजवळ आणूनही फाटकाच राहतो, कारण तो आत शिरतानाच कापला गेलेला असतो. मध्ये ४० डीबीचा पॅड (सिग्नल कमी करणारा जोड) लागतो, किंवा लाइन इन घेणारा वेगळा रेकॉर्डर.

दुसरी चूक केबलची, आणि ही फार फसवी. मिक्सरचा एक्सएलआर आउट बॅलन्स्ड असतो: दोन नंबरच्या पिनवर सिग्नल, तीन नंबरवर तोच उलटा. बाजारात मिळणारी काही एक्सएलआर-ते-३.५ मिमी केबल दोन नंबर डाव्या बाजूला आणि तीन नंबर उजव्या बाजूला जोडते. हेडफोनवर आवाज येतो, थोडा विचित्र पण येतो. तोच व्हिडिओ मोनो स्पीकरवर लावला की डावं-उजवं एकमेकांना खोडतं आणि गाणं गायब होतं. केबल बनवून घ्या: दोन नंबरची पिन डाव्या-उजव्या दोन्हींना, एक नंबर ग्राउंडला. तीन नंबर बहुतेक मिक्सरवर मोकळी ठेवता येते. फसलेलं रेकॉर्डिंग असेल तर एडिटिंगमध्ये फक्त डावी बाजू घेऊन दोन्हीकडे लावा, आवाज परत मिळतो.

तिसरी चूक मिक्सची. मुख्य आउट सभागृहासाठी बांधलेला असतो. तबला, पेटी, झांज सभागृहात आपोआप ऐकू येतात म्हणून साउंडवाले ती कमी ठेवतात, आणि रेकॉर्डिंगमध्ये गाणं एकटं पडतं, तबला दुसऱ्या खोलीतून वाजल्यासारखा. कार्यक्रमाआधी साउंडवाल्यांना भेटून ऑक्सवर (मिक्सरच्या जादा आउटवर) वेगळा मिक्स मागा. बहुतेक जण आनंदाने देतात, फक्त ते सकाळी मागायचं, पहिली घंटा झाल्यावर नाही.

स्वतंत्र रेकॉर्डर हा आमच्या मते कॅमेऱ्याच्या वरच्या मॉडेलपेक्षा जास्त उपयोगाचा खर्च आहे. २०२४ मध्ये आलेला झूम एच१ इसेन्शियल ३२-बिट फ्लोटमध्ये रेकॉर्ड करतो. त्याच्या फाइलमध्ये पातळी वर-खाली झाली तरी नंतर सावरता येते. पण बाहेरून येणारा सिग्नलच फाटका असेल तर ३२-बिटही वाचवत नाही. कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाज चालूच ठेवा, तो नंतर जुळवायला लागतो. सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी दोन्हींत येऊ द्या. दोन वेगळी यंत्रं तासाभरात काही फ्रेम पुढे-मागे होतात, शेवटच्या टाळीवरून ते कळतं.

कॅमेऱ्यात पातळी ऑटोवरून हातावर आणा. ऑटोवर तबल्याची थाप पडली की कॅमेरा आवाज दाबतो आणि शांत जागी परत वाढवतो. मैफलीत आलाप आणि टाळ्या सारख्याच जोराने ऐकू येतात. सगळ्यात मोठ्या आवाजाला काटा उणे १२ डीबीच्या आसपास राहील असं लावा, आणि हेडफोन कानावर ठेवा. नुसता काटा हलतोय म्हणून आवाज नीट आहे असं समजू नका. गुणगुण काट्यावर दिसत नाही. गुणगुण आलीच तर कॅमेरा अ‍ॅडॉप्टरवरून काढून बॅटरीवर टाका. गेली तर ग्राउंडचा प्रश्न आहे, मध्ये आयसोलेटर (दोन यंत्रांचं ग्राउंड वेगळं करणारा जोड) लावा.

कार्ड आणि वीज

१०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, तासाला ४५ जीबी. ६० ला २७ जीबी, ५० ला साडेबावीस. १२८ जीबीच्या कार्डात १०० वर अडीच तास धरा, त्याहून जास्त नाही. कार्ड यू३ किंवा व्ही३० (कार्डावर छापलेली वेगाची खूण) पुरतं, त्याहून वेगवान घेण्यात पैसे वाया. नवं कार्ड आधी संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू या कार्ड तपासणाऱ्या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा. बनावट कार्ड १२८ दाखवतं आणि ३२ नंतर जुन्यावरच लिहायला लागतं. ते कॅमेऱ्यात कळत नाही, घरी आल्यावर कळतं. तपासून झालं की कॅमेऱ्यातच फॉर्मॅट करा.

जुन्या एव्हीसीएचडी पद्धतीत फाइलीचे दर दोन किंवा चार जीबीला तुकडे पडतात. नुसत्या एमटीएस फाइली उचलून एडिटरमध्ये ओळीने लावल्या की सांध्यावर आवाज तुटल्याचा टक असा आवाज येतो. 'प्रायव्हेट' नावाचं फोल्डर अख्खं कॉपी करा आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरने जोडून घ्या.

अ‍ॅडॉप्टरवर चालवत असाल तरी बॅटरी कॅमेऱ्यात राहू द्या. मध्यंतरात कुणाच्या पायात वायर अडकली तर रेकॉर्डिंग बॅटरीवर चालू राहतं. सोबत येणारी बॅटरी सलग नाटकाला पुरणार नाही. सोनीत एनपी-एफव्ही१००ए ही मोठी घ्या. स्वस्त नकली बॅटरी अनेकदा उरलेली मिनिटं चुकीची दाखवते, आणि कॅमेरा इशारा न देता बंद पडतो. त्याने चालू फाइल अर्धवट राहू शकते.

जुना घेताना

सोनीचा एएक्स१००, एक इंची सेन्सरचा २०१४ चा फोर-के हँडीकॅम, आणि एएक्स५३ जुन्या बाजारात मिळतात. दोन्ही घेण्यासारखे. एएक्स१०० मध्ये फेज डिटेक्शन फोकस नाही, हे लक्षात ठेवा.

घेण्यापूर्वी स्क्रीन उघडून पूर्ण फिरवा, उलटी करा, परत आणा. मध्येच लुकलुकली किंवा काळी झाली तर आतली पट्टीची केबल झिजली आहे, आणि ती लवकरच जाणार. झूम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश न्या. मध्ये अडखळ किंवा फोकस सुटणं दिसलं तर सोडा. लेन्सवर टॉर्च तिरका धरून बघा. कोकण, मुंबई, गोव्याकडच्या दमट हवेतल्या कॅमेऱ्यांत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आतल्या काचांवर असते. ती पुसता येत नाही, लेन्स उघडावी लागते. लेन्सपुढची पाती चालू-बंद करून दहा वेळा उघडा. एखादी अर्ध्यात अडकत असेल तर कोपऱ्यात काळी छाया येत राहील. माइक जॅकमध्ये स्वतःचा माइक लावा, प्लग किंचित हलवा आणि हेडफोनवर ऐका. खरखर झाली तर जॅक बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून बोला. शेवटी झाकण लावून, गेन (चित्र उजळ करणारी वाढ) वाढवून एक मिनिट अंधार रेकॉर्ड करा आणि ती फाइल मोठ्या टीव्हीवर बघा. एकाच जागी स्थिर चमकणारे पांढरे-लाल ठिपके म्हणजे बिघडलेले पिक्सेल. दोन-चार असतील तर रंगमंचावर दिसणार नाहीत. चित्रभर असतील तर तो कॅमेरा तिथेच ठेवून या.